फाट्यावरची पाटी

नाशिक, ४ सप्टेंबर २०२५

मामा,

आधी आकडा सांगते, कारण पत्र उघडल्याबरोबर तुम्ही आकडाच शोधाल. सहाशे चोवीस पूर्णांक सहा. साठ गोळ्या, पन्नास मीटर प्रोन, पालथं पडून. तुमची भाची आशियाई विजेती झाली. सोनं! आता निवांत बसा आणि पुढचं वाचा.

फोन केला असता, पण तुमच्या कानांशी कोण भांडणार? आयुष्यभर कानात कापसाचा बोळासुद्धा न घालता गोळ्या झाडल्यात. आता मी "सोनं, सोनं" म्हणून ओरडले तर अख्ख्या हॉस्टेलला कळेल आणि तुम्ही विचाराल, "कोण बोलतंय?" व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही अंगठ्याशिवाय काही पाठवत नाही. म्हणून पत्र.

पण खरं सांगू, आनंदाचं लिहायला बसले आणि जीव थाऱ्यावर नाही. मुंबईला विमानतळावर आम्ही दोघी एकदमच बाहेर आलो. मी आणि एअर रायफलवाली एक मुलगी. तिला कांस्य मिळालंय. मुलगी गुणी आहे, तिच्याबद्दल काही म्हणायचं नाही. बाहेर ढोल, हार, फेटे, दोन कॅमेरे. सगळं तिच्यासाठी, कारण तिचा प्रकार ऑलिम्पिकमध्ये आहे आणि माझा नाही. गर्दीतल्या एका काकांनी माझ्या हातात मोबाईल दिला आणि म्हणाले, "ताई, जरा आमचा सगळ्यांचा फोटो काढता का?" मी काढला, मामा. माझं सोनं पाठीवरच्या पिशवीत मोज्यात गुंडाळलेलं, आणि मी कांस्याचा फोटो काढतेय. सवयीने श्वास अर्धा सोडून बटण दाबलं. फोटो एकदम स्पष्ट आला असणार.

नाशिकला आल्यावर नोकरीचा अर्ज भरायला गेले. त्यात एक रकाना आहे: "स्पर्धा प्रकार ऑलिम्पिकमध्ये समाविष्ट आहे काय? होय / नाही." खिडकीतले गृहस्थ भले होते. म्हणाले, "नाही असेल तर तुमचा अर्ज वेगळ्या गठ्ठ्यात जातो, ताई." वेगळा गठ्ठा केवढा आहे तेही त्यांनी दाखवलं. त्यावर धूळ होती.

महेश सर, म्हणजे आमचे प्रशिक्षक, म्हणतात की आता थ्री पोझिशन घे. वीस गोळ्या गुडघ्यावर बसून, वीस पालथं पडून, वीस उभं राहून. ते ऑलिम्पिकमध्ये आहे. पालथी पडले तर मी राणी असते, पण गुडघ्यावर मोलकरीण होते आणि उभी राहिले की भिकारीण. निवड चाचणीची नावं या महिन्याअखेर द्यायची आहेत. तुम्ही ऑलिम्पिकला जाऊन आलेले आहात. तुम्हीच सांगा काय करू.

तुमची,
सविता


गावाहून, ता. पेठ
१३ सप्टेंबर २०२५

सविता,

पत्र पोचलं. आकडा तीनदा वाचला. मग शेजारी जाऊन तुझ्या आईला वाचून दाखवला. ती नागलीतलं गवत काढत होती. तिने हात न थांबवता मान वर केली आणि विचारलं, "लय हाय का कमी?" तिचे ओठ मला वाचता येतात, तिच्या लहानपणापासून तिचं बोलणं ओळखीचं आहे. मी म्हणालो, लय हाय. मग तिने विळा खाली ठेवला आणि पदराने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होती.

आता तुझा प्रश्न. प्रोन सोड.

तुला राग येईल. येऊ दे. तू साठपैकी साठ गोळ्या पालथी पडून मारशील, तरी झोपून मिळवलेल्या सोन्यासाठी कोणी उभं राहत नाही. नावडतीचं मीठ अळणी, ते कितीही घातलं तरी अळणीच. लोकांना एक शब्द कळतो. तो शब्द तुझ्या नावाला लागला तर तू आहेस, नाहीतर नाहीस. हे मी बघितलेलं आहे, ऐकीव सांगत नाही. गुडघा दुखेल, कंबर दुखेल, उभं राहिल्यावर बंदूक डुलेल. सहा महिने डुलू दे. तुझं वय चोवीस. अजून वेळ आहे.

दुसरी गोष्ट. येत्या २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर गावात तुझा सत्कार ठरलाय. सरपंच स्वतः येऊन गेला. काळू पेंटर फाट्यावरच्या पाटीचं माप घेऊन गेला. तुला पाटी माहीत आहे: "ऑलिम्पिकवीर सहादू भोये यांच्या गावात आपले स्वागत." तिच्याखाली आता तुझी ओळ येणार. काळूने कागदावर लिहून आणली होती: "ऑलिम्पिक सुवर्णकन्या सविता गावित."

तू हसशील. हस. पण खोडायला लावू नकोस. गावाला समजावत बसलीस तर जन्म जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सहादूमामा


नाशिक, २४ सप्टेंबर २०२५

मामा,

मी हसले नाही. 

ऑलिम्पिक सुवर्णकन्या? मी? मी तर त्या गावाची वेससुद्धा पाहिलेली नाही. मामा, दुसऱ्या कोणी हे लिहिलं असतं तर मी समजून घेतलं असतं. पण तुम्ही? तुम्ही तिथे जाऊन आलात. आपल्या पेठच्या डोंगरातून उठून जाऊन आलात. उद्या कोणीही सोम्यागोम्या स्वतःच्या नावापुढे तो शब्द लावायला लागला तर सगळ्यात आधी तुमचा जळफळाट व्हायला हवा. आणि तुम्हीच मला सांगता की खोडायला लावू नकोस!

मला वाटतं, माझं सोनं तुमच्याही लेखी अळणीच आहे. तुम्हाला त्या पाटीखाली प्रोन शोभत नाही. तसं असेल तर स्पष्ट सांगा, मी काही रडणार नाही. (रडले थोडी. पण ते झालं.)

तुमचं ऐकून थ्री पोझिशनला नाव दिलंय. गुडघ्यावर बसले की दहाव्या मिनिटाला उजवं पाऊल बधिर होतं, मग आपलं आहे की शेजारणीचं ते कळत नाही. महेश सर म्हणतात, "बधिर पायानेच मारायचं असतं." स्वतः खुर्चीवर बसून म्हणतात.

एक मागू का? तुम्ही तिथलं कधीच काही सांगितलं नाहीत. लहानपणी विचारलं की म्हणायचात, जेवण चांगलं होतं. आता मी मोठी झालेय आणि त्याच वाटेला लागलेय. नाव पुकारतात तेव्हा कसं वाटतं? छाती धडधडते त्याचं काय करायचं? कोणतं वर्ष होतं, कोणतं गाव? रेंजवर परवा पोरांनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. लाज वाटली.

सविता


गावाहून, ता. पेठ
६ ऑक्टोबर २०२५

सविता,

भात कापणीला आलाय. माणसं मिळत नाहीत, सगळी द्राक्षाच्या छाटणीला खाली गेली आहेत. जास्त लिहायला वेळ नाही.

सोबत पार्सल आहे. गुडघ्यावर बसताना घोट्याखाली ठेवायची गुंडाळी आहे. माझ्या जुन्या लष्करी पँटचं कापड आहे, आत भाताचा कोंडा भरलाय. बाजारातली गुंडाळी दगडासारखी असते, ही दबते. माप नियमात बसतं, मी पट्टीने मोजलंय. दोन दिवस तिच्यावर नुसती बस, गोळी मारू नको, म्हणजे कोंडा तुझ्या पायासारखा बसेल.

जुन्या गोष्टींचं तुला काय करायचं आहे? छाती सगळ्यांचीच धडधडते. दोन ठोक्यांच्या मध्ये मारायचं.

तुझं सोनं अळणी आहे असं मी म्हणालो नाही. तू तसं वाचलंस.

सहादूमामा


पुणे, २९ ऑक्टोबर २०२५

मामा,

चाचणी झाली. निवड झाली नाही. कशी झाली नाही ते ऐका, कारण ही चूक आपल्या धंद्याबाहेर कोणाच्या हातून होतच नाही.

गुडघ्यावरच्या वीस गोळ्या चांगल्या गेल्या. तुमच्या गुंडाळीवर पाय एकदाही बधिर झाला नाही. मग पालथं पडायची पाळी आली. माझी पाळी, जिथे मी राणी असते. चटई सरकवली, पडले, बंदूक खांद्याला लावली. बारावी गोळी अशी सुटली की सुटतानाच मला कळलं, दहा आहे. गुण दाखवणाऱ्या पडद्याकडे पाहिलं तर त्यावर काहीच नाही. पुन्हा पाहिलं. काहीच नाही. तेवढ्यात शेजारणीने हात वर केला. तिच्या पडद्यावर एक गोळी जास्तीची उमटली होती.

माझी होती ती. मी माझं निशाण सोडून शेजारच्या निशाणावर मारली होती. मधेच एकदा बूड सरकवलं, आणि नजर वर करून निशाणावरचा नंबर बघायचा राहिला. दहा वर्षांत पहिल्यांदा. पंचांनी येऊन शांतपणे सांगितलं: तिची धरली जाणार नाही, तुझी शून्य. स्वच्छ दहा होता मामा, मधोमध. फक्त माझा नव्हता. सात गुणांनी यादीबाहेर राहिले.

नंबर का बघितला नाही, ते सांगते. डोक्यात दुसरंच चालू होतं.

आदल्या दिवशी मी आमच्या रेंजच्या बारकूकाकांना बंदूक तपासायला दिली. ते चाळीस वर्षं बंदुका दुरुस्त करतात आणि सगळ्या महाराष्ट्राला ओळखतात. मी ऐटीत सांगितलं, "सहादू भोये माझे सख्खे मामा. ऑलिम्पिकवाले." काका खूश झाले. म्हणाले, "सहादू? लष्कराचा सहादू? अगं, तो तर सेंटर फायर पिस्तूलवाला! काय हात होता! पण सेंटर फायर कुठं हाय ऑलिम्पिकात?" मी म्हटलं, दुसऱ्या प्रकारात गेले असतील. तर ते बंदूक पुसायला लागले आणि म्हणाले, "असेल बाई. माझंच वय झालंय." त्यांनी ते ज्या मायेने म्हटलं ना, त्यावरून मला सगळं कळलं. त्या रात्री सगळ्या वर्षांच्या भारतीय संघांच्या याद्या काढून बघितल्या. तुमचं नाव कुठेच नाही.

शंका कशी येणार? घरातल्या देवाकडे दाखला कोण मागतं? मी सहावीत असताना त्या पाटीखाली उभी राहून आईला म्हणाले होते, मला बंदूक शिकायचीय. आणि तुम्ही मला सांगता, प्रोन सोड, तो शब्द मिळव. तुम्हाला मी नको होते मामा, तुम्हाला तुमच्या पाटीला टेकू हवा होता.

खोटं असेल तर लिहा. खरं असेल तरी लिहा. पण भात कापणीचं सांगू नका.

सविता


नाशिक, २६ नोव्हेंबर २०२५

मामा,

महिना झाला. पत्र नाही. आईला फोन केला तर म्हणाली, मामा बरा आहे, जेवतो, पण सांजच्याला पारावर येत नाही.

मी फार बोलले. टेकूबद्दल लिहिलं ते परत घेता आलं असतं तर घेतलं असतं, पण पोस्टात टाकलेलं पत्र आणि सुटलेली गोळी सारखीच. राग गेलेला नाही. तरी तुम्ही पारावर येत जा.

राष्ट्रीय स्पर्धेला मी फक्त प्रोनला नाव दिलंय. महेश सरांनी आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. थ्री पोझिशनच्या सराव शिबिरातली माझी जागा दुसरीला गेली. अर्जात "नाही"वर खूण केली आणि तो धुळीच्या गठ्ठ्यात गेला. पण चटईवर पडले की अजून माझं पोट जमिनीला लागतं आणि सगळं थांबतं. ते सोडवत नाही.

सविता


गावाहून, ता. पेठ
४ डिसेंबर २०२५

सविता,

खरं आहे. मी ऑलिम्पिकला गेलो नाही. मला कोणी बोलावलंही नव्हतं.

१९९१ साली राष्ट्रीय स्पर्धेत सेंटर फायरला पहिला आलो. सुट्टी काढून गावी निघालो. तार आधीच पोचली होती. फाट्यावर एसटीतून उतरलो तर अर्धं गाव उभं. वाजंत्री होती. तुझी आई सगळ्यांच्या पुढे झेंडूचा हार घेऊन, बारा वर्षांची. तेव्हाच्या सरपंचाने विचारलं, कसली स्पर्धा? मी सांगितलं, सेंटर फायर पिस्तूल, पंचवीस मीटर. त्याचा चेहरा कोरा. सगळ्यांचेच चेहरे कोरे. वाजंत्रीवाला थांबला. तुझ्या आईचा हात हारासकट खाली आला. कोणीतरी मागून विचारलं, "म्हंजे ते ऑलिम्पिकच ना?"

मला नीट ऐकू आलं होतं. तेव्हा माझे कान चांगले होते, तो बहाणा मी करणार नाही. मी म्हणालो, "तसंच समजा."

तीन शब्दसुद्धा नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी उभी होती. मला वाटलं, सुट्टी संपून जाईन तेव्हा सांगेन. मग त्या पाटीवरून साहेब लोक गावात आले, शाळेला दुसरी खोली मिळाली. दुसऱ्या खोलीत पोरं बसायला लागल्यावर कसं सांगणार? दर २६ जानेवारीला झेंडा मी चढवतो. चौतीस वेळा चढवलाय. दरवेळी वाटतं, दोरी हातातून सुटेल.

तुला प्रोन सोड म्हणालो ते टेकूसाठीच. तू म्हणालीस ते बरोबर आहे. तू त्या शब्दापर्यंत पोचलीस तर पाटीवर निदान एक ओळ खरी होईल आणि माझी तिच्या सावलीत झाकून जाईल, असं मनात होतं. हे मी स्वतःशीही आजवर बोललो नव्हतो. तुझ्या शून्याला मी जबाबदार आहे.

आता एक मागणं आहे. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. २६ जानेवारीला ये, हार घे, आणि काही बोलू नकोस. मी बासष्ट वर्षांचा आहे. कानाने गेलो, आता फार काही राहिलेलं नाही. माझ्यामागे पाटी उखड, जाळ, काय वाटेल ते कर. पण तुझ्या आईच्या देखत नको. हार तिने घातला होता.

मामा


नाशिक, १२ जानेवारी २०२६

मामा,

तुमचं पत्र घेऊन दिल्लीला गेले होते, बंदुकीच्या पेटीत ठेवून. राष्ट्रीय स्पर्धेत रौप्य मिळालं. सहाशे एकवीस पूर्णांक नऊ. प्रत्येक गोळीआधी नजर वर करून नंबर बघितला, साठही वेळा. शेजारच्या मुलीला वाटलं, मी देवाचं नाव घेतेय.

तुम्ही मागितलंत ते अर्धं देते. मी बोलणार नाही. कोणापाशी नाही, आईपाशीही नाही. पण येणारही नाही. मामा, त्या पाटीखाली हार घालून मी उभी राहिले तर मीही "तसंच समजा" म्हटल्यासारखं होईल. सरपंचांना कळवलंय की सराव आहे. माझी ओळ लिहू नका, एवढंही कळवलंय. कारण दिलेलं नाही. तुमच्यावर काही येणार नाही.

आता दुसरं. परत आल्यावर बारकूकाकांकडे गेले. त्यांच्याकडे जुन्या स्पर्धांच्या निकालांची चोपडी आहेत, वाळवीने कडा खाल्लेली. १९९१ चं काढून द्या म्हटलं. त्यांनी पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि चहा आणायला म्हणून बाहेर गेले.

पाचशे त्र्याऐंशी.

सहाशेपैकी पाचशे त्र्याऐंशी, मामा! दुसरा आलेला माणूस तुमच्यापेक्षा सहा गुणांनी मागे आहे. सेंटर फायरमध्ये सहा गुण म्हणजे काय, ते मी कोणाला सांगायला हवं? त्या दिवशी या एवढ्या मोठ्या देशात तुमच्यापेक्षा चांगला हात कोणाचाच नव्हता. तुम्ही गुडघाभर चिखलातून शाळेत गेलेले, बूट लष्करात पहिल्यांदा घातलेले. मी ते पान हाताने पुसलं आणि मला हुंदका आला. विमानतळावर आला नव्हता.

मला राग खोट्याचा होता. आता वेगळाच राग येतोय. खरा आकडा तुमच्यापाशी होता आणि तुम्ही तो चौतीस वर्षं उसन्या शब्दाखाली पुरून ठेवलात. मला कधी सांगितला नाहीत. मी बंदूक उचलली त्या पाटीमुळे, हे खरं. पण पाटीने मला दोन ठोक्यांच्या मध्ये मारायला शिकवलं नाही. ते पाचशे त्र्याऐंशीवाल्याने शिकवलं.

बाकी तुमचं तुम्ही ठरवा. मी गप्प आहे.

सविता


गावाहून, ता. पेठ
३१ जानेवारी २०२६

सविता,

तू आली नाहीस ते बरं झालं. आली असतीस तर तुझ्याकडे बघून माझी जीभ अडखळली असती.

झेंडा चढवला. दोरी सुटली नाही. मग सरपंचाने माईक दिला, दरवर्षी देतो तसा. दरवर्षी मी "भारत माता की जय" म्हणून परत देतो. यावेळी परत दिला नाही. म्हणालो, मी ऑलिम्पिकला कधी गेलो नाही. सेंटर फायर ऑलिम्पिकमध्ये नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी तसंच समजा म्हणालो, ते खोटं होतं. सविताचं सोनंही ऑलिम्पिकचं नाही, आशियाचं आहे, ते तिने कधी लपवलं नाही, म्हणून ती आज इथे नाही.

माझा आवाज किती मोठा निघाला मला माहीत नाही. भोंगा मध्येच बंद केला असावा, कारण पोरं माझ्याकडे बघायची सोडून भोंग्याकडे बघायला लागली. मग लोकांचे ओठ हलायला लागले. सगळ्यांचे एकदम. एवढ्या ओठांतून मला काहीच वाचता येईना. कोणी शिव्या देत होतं, की जाऊ दे म्हणत होतं, देव जाणे. सरपंच तोंड फिरवून गेला. लाडूंचं ताट तसंच राहिलं होतं, मास्तरांनी पोरांना वाटलं. मला कोणी काही लिहून दाखवलं नाही. लढाईत असतो तर निदान गोळी कुठून आली ते कळलं असतं.

एकच वाक्य कळलं. तुझी आई समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मंग मी हार कशाला घातला व्हता?" एवढं म्हणून घरी गेली. त्यानंतर चार दिवस बोलली नाही. दोन घरांच्या मध्ये एक कुंपण आहे, तेवढ्यातून माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. गावाचं मला काही वाटलं नाही. तिचं वाटलं.

पारावर जातो. माझ्या शेजारची जागा मोकळी असते. दारुडा मंगळू तेवढा येऊन बसतो, पण त्याला कोणीच जवळ बसू देत नाही, म्हणून तो येतो.

काळूला बोलावून पाटी पांढरी करून घेतली. पैसे घेईना, माझ्याकडे बघेना. काय लिहू म्हणून हाताने खूण केली. मी खिशातून तुझी दोन पत्रं काढली, पहिलं आणि शेवटचं, आणि त्यातले आकडे दाखवले. त्याने लिहिलं:

सहादू भोये – ५८३
सविता गावित – ६२४.६

बाकी काही नाही. जागा बरीच उरली आहे. एसटी थांबते, माणसं उतरतात, पाटीपुढे उभी राहतात. हे कसले नंबर, असं एकमेकांना विचारत असणार. मला ऐकू येत नाही, त्यामुळे जो थांबेल त्याला मी सगळं पहिल्यापासून सांगतो. काल एका कांद्याच्या व्यापाऱ्याला सांगितलं. तो माणूस बहुधा फक्त पेठचा रस्ता विचारत होता.

आज सकाळी मी तिथेच होतो. तुझी आई डोक्यावर भारा घेऊन त्या वाटेने आली. नेहमी पाठीमागच्या वाटेने जाते. पाटीपुढे थांबली. भारा उतरवला नाही. माझ्या आकड्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "लय हाय का कमी?"

मी म्हणालो, लय हाय.

तिने बोट काढलं. डोक्यावरचा भारा सावरला आणि घराकडे गेली. आता चहाची वेळ झाली आहे. पूर्वी ती कुंपणापलीकडून हाक मारायची आणि मी आलो नाही की खडा मारायची. आज अजून खडा आलेला नाही. हाक मारली असेल तर मला ऐकू येणार नाही, म्हणून पत्र इथेच ठेवून जाऊन बघतो.

मामा